फॅमिली रूमबाहेरची मुंबई

मुंबईत कायदा पाळून दारू पिणारा प्रत्येक माणूस कागदोपत्री आपली प्रकृती सांभाळत असतो. सरकार दारूचं जे परमिट देतं, ते आरोग्याच्या रक्षणासाठी आणि जतनासाठी. एका दिवसाचं परमिट पाच रुपयांत, देशीचं दोन रुपयांत, वर्षाचं शंभरात. आणि ज्याला प्रकृती तहहयात सांभाळायची आहे त्याला हजारात. बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षी, बाकी सगळं पंचविशीनंतर. लग्न आधी करता येतं, मतदानही आधी करता येतं, पण व्हिस्कीसाठी पंचवीस. हे सगळं १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं देणं आहे. शहराचं नाव बदललं, कायद्याचं नाव बदललं, परमिट तेच.

१९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग केला होता. तो फार टिकला नाही. स्वातंत्र्यानंतरचा कायदा मात्र टिकायलाच आला होता, आणि मोरारजी देसाईंचं नाव त्याला कायमचं चिकटलं. फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ त्याविरुद्ध कोर्टात गेले. त्यांना व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर तर हवी होतीच, शिवाय ओ-द-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटरही हवं होतं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा बहुतांशी कायम ठेवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं तेवढी मोकळी केली. म्हणजे बलसारांना अंगाला लावायला मिळालं, पोटात घ्यायला नाही.

पिण्याचा हा कायदा निदान छापलेला तरी होता. खाण्याचा दुसरा एक कायदा शहरात होता, तो कुठेच छापलेला नव्हता आणि त्याला परमिटही मिळत नसे. इराण्याकडे गेलं की पोटमाळ्यावर किंवा आत सनमायकाच्या पार्टिशनमागे 'फॅमिली रूम' असे. उडप्याकडेही असे. बाईमाणूस दारातून आत आलं की पोऱ्या न विचारता बोट दाखवी: वर. खाली रस्त्याकडे तोंड करून, चहाच्या बशीत फुंकर मारत तासभर बसायचा हक्क पुरुषांचा. परमिट रूमचा तर प्रश्नच नव्हता. बाहेरून काळी काच, आत लाल दिवा. आमच्या पिढीतल्या मुलींनी त्या दारासमोरून जाताना पावलं उचलली आहेत. बायकांच्या वाट्याला आलं ते गोड. आइस्क्रीम, फालुदा, पियूष, कुल्फी. तेही 'सगळे मिळून' गेलो तर, आणि परीक्षेचा निकाल, बारसं किंवा पाहुणे असं काही निमित्त असेल तर.

आम्ही पाच जणी ज्या फिरायला लागलो त्या या पार्श्वभूमीवर. सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेली, तिच्याकडे आपोआप खजिना आला. एक डॉक्टर, तीही मधुमेहाची. तिच्या तोंडासमोर जिलबी खाणं म्हणजे पोलीस चौकीसमोर सिग्नल तोडणं. म्हणून तिनेच नियम घालून दिला की गोड एकच मागवायचं आणि चमचे पाच. एक गिरगावातली शिक्षिका, जिला पंच्याहत्तर पैशांचा बटाटेवडा कुठे मिळायचा हे आजही पाठ आहे. एक वसईची ईस्ट इंडियन ख्रिश्चन. आणि लिहून ठेवणारी मी. यातल्या दोघी पितात, एक चाखते, एक फक्त वास घेऊन मत देते, आणि डॉक्टरीण स्वतः न पिता इतरांचे पेग मोजते. मुंबईतलं गोड, मुंबईतलं पेय आणि दोन्हींच्या मधलं जेवण असा बेत. नवरे वगळून. यावर एका नवऱ्याने विचारलं, 'मग आम्ही काय खायचं?' आम्ही जायच्या जागांची यादी करत होतो, आणि हा प्रश्न ऐकून ती यादी लांबली.

सुरुवात सोप्या पेपरने केली. दादरच्या गोखले रोडवरचं प्रकाश. साबुदाणावडा, डाळिंबी उसळ आणि पियूष. इथे बाई एकटी बसली तरी कुणी वर पाहत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कुठलं टेबल रिकामं होतंय याकडे असतं. पियूष म्हणजे श्रीखंड आणि ताक यांचं पातळ लग्न, जायफळाच्या साक्षीने. चांगलं पियूष घशाखाली उतरताना आधी आंबट लागतं आणि गोड मागून येतं. वाईट पियूष म्हणजे वितळलेलं श्रीखंड. गिरगावकरणीच्या मते पणशीकरांचं सरस, दादरकरांच्या मते प्रकाशचं. हा वाद मुंबईइतकाच जुना असावा असं दोन्ही बाजूंना वाटतं आणि मी त्यात पडत नाही.

माहीमचा हलवा हा मात्र वाद नसलेला पदार्थ. जोशी बुढाकाकांच्या दुकानातून आणलेल्या पुड्यात चौकोनी, पातळ, किंचित चिवट पत्रे, एकाआड एक कागद. साखर, तूप आणि पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा कागदावर लाटून सुकवायचा, मग कापायचा. तोंडात टाकल्यावर तो आधी विरोध करतो, मग एकदम शरण येतो. आमच्या लहानपणी तो फक्त कुणी मुंबईबाहेर निघालं की घेतला जाई, स्वतःच्या घरात खायला कुणी आणत नसे. गावाकडच्या लोकांनी माहीमचा हलवा आमच्यापेक्षा जास्त खाल्ला आहे.

इराण्यांकडे आम्ही ठरवून सकाळी गेलो. ग्रँट रोडचा बी. मेरवान १९१४चा, तिथला मावा केक उशिरा उठणाऱ्याला मिळत नाही. धोबी तलावचा कयानी १९०४चा. बॅलार्ड इस्टेटमधला ब्रिटानिया १९२३चा आणि मुख्यतः दुपारच्या जेवणाचा. तिथे बेरी पुलावानंतर कॅरॅमल कस्टर्ड खाल्लं नाही तर जेवण अर्धवट राहतं. चर्चगेटच्या के. रुस्तमकडे १९५३ पासून दोन पातळ बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची वडी दाबून देतात. ती उभ्याने, पुढे वाकून, पदर किंवा ओढणी सांभाळत खावी लागते. बिस्किट मऊ पडायच्या आत संपवायची म्हणजे बोलायला वेळ नाही; आमच्या टोळीत शांतता पसरवणारा हा एकमेव पदार्थ. कयानीमध्ये आम्ही मुद्दाम खाली, दाराशी, रस्त्याकडे तोंड करून बसलो. कुणी काही म्हणालं नाही. म्हणावं अशी बारीकशी इच्छा होती.

आता पेयाकडे वळते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

दारूबंदीने मुंबईचं पिणं थांबलं नाही, ते घराघरांत शिरलं. 'आंटीचा अड्डा' हा शब्द तेव्हाचा. माझगाव, धोबी तलाव, माहीम, वांद्रे इथल्या गल्ल्यांतून ख्रिश्चन बायका, पुष्कळदा विधवा किंवा नवरा बोटीवर गेलेल्या, बाहेरच्या खोलीत दोन बाकडी टाकून दारू विकत. मोजायचं माप नवटाक. सोबतीला उकडलेलं अंडं, चणे, मीठ. हप्ता कुणाला किती द्यायचा, कुणाला उधार द्यायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं हा सगळा कारभार त्या बाईचा. दारू कुठून येई याचा इतिहास फारसा रम्य नाही. नवसागराच्या हातभट्टीने माणसं आंधळी झाली, मेली. पण शहराच्या पिण्याच्या इतिहासात बाई कधीपासून आहे असं कुणी विचारलं, तर ती पहिल्यापासून आहे. फक्त बाकड्यावर नव्हती, बाटलीमागे होती.

गिरणगावातली गोष्ट वेगळी आणि तरीही तीच. घाटावरून, कोकणातून आलेला गिरणी कामगार चाळीच्या गाळ्यात पाळीने झोपे आणि खानावळीत जेवे. खानावळ म्हणजे बहुधा एका बाईची खोली, एक चूल किंवा स्टोव्ह आणि वीसपंचवीस ताटं. महिन्याचे पैसे महिन्याच्या शेवटी; त्यातून गावी गेल्याचे खाडे वजा. सणाला गोडाचं जेवण. किराणा उधारीवर, उधारीवर व्याज, म्हणून बाई पहाटेपासून राबे आणि कर्जात राहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि ताटं उपाशी बसली. ज्या बायकांनी संपातही पोरांना उधार जेवू घातलं त्यांची नोंद कुठल्याही रेस्टॉरंट गाइडमध्ये नाही. खरं तर त्या काळच्या मुंबईतली सगळ्यात मोठी जेवणाची साखळी त्यांची होती.

हे सांगायचं कारण, आमची टोळी लोअर परळच्या कमला मिल्समध्ये शिरली तेव्हा शिक्षिका फाटकाशी थांबली. तिचे मामा याच पट्ट्यातल्या एका गिरणीत होते, साचाखात्यात. 'मामांना इथे आत यायला पास लागायचा, आपल्याला रिझर्व्हेशन लागतं,' ती म्हणाली आणि चालू लागली.

इथलं बॉम्बे कँटीन २०१५ मध्ये उघडलं. मागे शेफ फ्लॉइड कार्डोझ. जन्म मुंबईचा, नाव न्यूयॉर्कमध्ये झालं, आणि मार्च २०२० मध्ये कोविडने गेले. भारतीय जेवण म्हणजे बटर चिकन नव्हे, घरात जे शिजतं ते हॉटेलात मांडता येतं, हा त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा आग्रह होता. आज प्रत्येक नव्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर ठेचा, कोकम, अंबाडी, भरड धान्य दिसतं त्याची वाट या कँटीनने बरीच रुंद केली. कधी कधी ती जरा जास्तच रुंद झाली आहे. एका ठिकाणी पिठल्यावर फेस घालून आणलं होतं आणि वसईकरीण म्हणाली, 'याला ताप आलाय का?' पण कँटीनचा एक पदार्थ मला बिनतक्रार आवडला. गुलाब नट. गुलाबजामच, पण डोनटच्या आकाराचा, मध्ये भोक असलेला, आणि पाकात ओल्ड मंक रम. पाच चमचे पुढे सरसावले. रमचा वास आधी नाकात जातो, मग खव्याची ओळख पटते. आमच्यातल्या वास घेऊन मत देणाऱ्या मैत्रिणीने आयुष्यात पहिल्यांदा मद्य असं खाल्लं, चमच्याने. तिचं म्हणणं, 'हे तर चढतच नाही.' डॉक्टरीण म्हणाली, 'साखर चढते, ती दिसत नाही.'

याच आवारात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया. वाढदिवस साजरा करायला आलेल्या. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या जागी बसण्याआधी जिना कुठे आहे ते बघते. टोळी मला हसते. मी बघते.

बॉम्बे कँटीनच्याच मंडळींनी २०२० मध्ये भायखळ्यात बॉम्बे स्वीट शॉप काढलं. हलवायाचं दुकान, पण काचेआड कारखाना दिसतो, पेटी अशी की फेकवत नाही. मिठाई चांगली, भाव बघून बसावं लागतं. मिठाईला चॉकलेटचा मान मिळवून द्यायचा तर भावही चॉकलेटचा लावावा लागतो, हे मला पटतं. पण भायखळ्यातून बाहेर पडताना खजिनदारीणबाईंनी पुढच्या खेपेचं ठिकाण बदललं ते याच कारणाने.

ते ठिकाण होतं मोहम्मद अली रोड आणि त्याच्या पोटातला बोहरी मोहल्ला. रमझानात, रात्री दहानंतर. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाला, १९३६चं दुकान; मातीच्या शिकोऱ्यातली फिरनी, अफलातून, आणि रस्त्यावरच्या भल्यामोठ्या कढयांत अंडं घातलेला मालपुवा. गर्दी इतकी की चालायचं काम आपल्याला करावं लागत नाही. पण गर्दीत बायका किती! बुरख्यातल्या, बिनबुरख्यातल्या, कडेवर पोर, हातात शिकोरा, रात्रीचा एक वाजलेला. शहराच्या दुसऱ्या कुठल्या भागात आमच्या आयांनी या वेळी रस्त्यात उभं राहून खाल्लं असतं, हा विचार मला सारखा येत होता.

बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइस्क्रीम १८८७ पासूनचं म्हणतात, आणि संचातलं. संचा जवळून बघण्यासारखा असतो. लाकडी पिंप, आत धातूचा उंच डबा, दोन्हींच्या मधल्या जागेत बर्फाचे खडे आणि जाडं मीठ. मिठाने बर्फ वितळतो, पण वितळताना शून्याच्याही खाली उतरतो. ही थंडी डब्याच्या भिंतीतून आत शिरते. आतलं दूध कडेला गोठतं, फिरवलं की पात्याने सुटून मधोमध येतं, नवं दूध कडेला जातं. यंत्राच्या आइस्क्रीममध्ये हवा भरतात म्हणून ते फुगतं आणि हलकं होतं. इथे हवा फारशी जात नाही. सीताफळाचं मागवलं तर चमच्याला जोर लावावा लागला, आणि दातांखाली गराचा दाणेदारपणा आला. बोहऱ्यांच्या थाळीची रीतही अशीच उलटी आणि शहाणी: एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसतात, आधी चिमूटभर मीठ जिभेला, मग गोड, मग खारं, मग पुन्हा गोड. शेवटी डेझर्ट हा प्रकारच नाही. पोट भरल्यावर गोडाला नाही म्हणावं लागण्याचा अवघड प्रसंग त्यांनी मुळातच टाळला आहे.

मधली एक फेरी पेयाचीच होती, आणि तिने मला सगळ्यात जास्त शिकवलं. वांद्र्यातला एक लहानसा बार. नव्या कॉकटेल बारांची जी पद्धत आहे तशी: मंद दिवे, काउंटर उंच, बर्फाचा एकच मोठा, काचेसारखा पारदर्शक तुकडा. आम्ही पाच बायका आत गेल्यावर दारावरच्या मुलाने नम्रपणे विचारलं, 'सर मागून येतायत का?' बँकवालीने तितक्याच नम्रपणे सांगितलं, 'सर घरी भाजी निवडतायत.' त्यानंतर सेवा उत्तम मिळाली.

काउंटरमागे एक मुलगी होती, विशीच्या शेवटाची, साताऱ्याकडच्या बोलीचा गंध असलेली मराठी. तिने 'मिल्क पंच' पुढे ठेवला: ग्लासात जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, किंचित सोनेरी. दुधाचा मागमूस नाही. कसं केलं विचारलं तर तिने सांगितलं, आणि नंतर आम्हाला फ्रीजमधली चाललेली खेपही दाखवली. रम, गार केलेला कडक चहा, साखर आणि लिंबाचा रस एकत्र करायचा. तो कोमट दुधात हळूहळू ओतायचा. उलटं नाही, नाहीतर चोथा नीट जमत नाही. दूध फाटतं. फाटू द्यायचं. काही तास ठेवून मग फडक्यातून गाळायचं. पहिली धार गढूळ येते, ती पुन्हा त्याच चोथ्यावर ओतायची. चोथाच गाळणी बनतो. दुधातलं केसिन चहाचा तुरटपणा आणि मद्याचा करकरीतपणा धरून ठेवतं, आणि खाली थेंबथेंब जे उतरतं ते नितळ. फडक्यावर उरलेला गोळा पिवळसर होता, रमचा वास असलेला. गिरगावकरीण वाकून बघत राहिली. दूध नासलं म्हणून बोलणी खाल्लेल्या घरातली ती. शेवटी तिने विचारलं, 'या चोथ्याचं काय करता?' मुलगी म्हणाली, 'टाकतो, काकू.' यावर काकूंनी तिला कलाकंदाची कृती सांगितली. मुलीने ती फोनमध्ये लिहून घेतली. त्यांच्या पुढच्या मेन्यूवर काय येईल सांगता येत नाही.

पंच कसा होता? मऊ. मला चहाचा वास आधी आला, मग लिंबू, मग बऱ्याच वेळाने कळलं की यात रम आहे. असं पेय धोक्याचं, असं डॉक्टरीण म्हणाली आणि तिने मोजणी सुरू केली.

अशा मुली आता बऱ्याच बारांत दिसतात. शतभी बसू यांचं नाव देशातल्या पहिल्या स्त्री बारटेंडर म्हणून घेतलं जातं. त्यांची बारटेंडिंग शिकवणारी 'स्टर' ही संस्था मुंबईतलीच. ताजमहाल हॉटेलातल्या हार्बर बारबद्दल १९३३चा, शहरातला पहिला परवानाधारक बार असं सांगतात. त्यानंतर बाईला काउंटरच्या त्या बाजूला उजळ माथ्याने उभं राहायला अर्धं शतक लागलं. आंट्यांना कुणी बारटेंडर म्हटलं नाही. त्या काळी पंचाला गाळणी लावायची सोय नव्हती आणि पोलीस कधीही येत.

आमच्या वसईकरणीकडे मात्र हा सगळा इतिहास घरचाच आहे. तिच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही पाचही जणी गेलो. लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी': वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, वधूला न्हाऊ घालायचं. मराठी गाणी, लुगडी, आणि मधेच येशूचं नाव. घरी परतल्यावर अंगणात मोठ्या भांड्यात खिमाड उकळत होतं. दालचिनी, वेलची, चहापत्ती, साखर घालून उकळलेलं पाणी, त्यात गावठी. गरमच, लहान ग्लासांतून. वाटत होत्या म्हाताऱ्या बायका, आणि पहिला ग्लास घेतही होत्या म्हाताऱ्या बायका. ताटात तळलेले फुगे, वाटीत मसालेदार मटण. सोबत बदामाचा, रव्याचा थाळी स्वीट. गोड आणि दारू एकाच ताटात, आजी आणि नात एकाच बाकावर, आणि परमिट विचारायला कुणीही नाही. ज्या एकत्र बसण्याला आम्ही मुंबईत बंड म्हणत होतो ते इथे तिच्या आजीच्या आजीपासून चालू होतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं आणि मी दुसरा ग्लास घेतला.

'कडक आहे हां, बाय,' वाटणाऱ्या आजी म्हणाल्या. 'तुमच्या शेरातल्यासारखी पानचट नाय.'

शहरातल्यांचं पानचट असो की नसो, महाग नक्की. २०२३ मध्ये महाराष्ट्राने परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाच टक्क्यांवरून दहावर नेला. त्याविरुद्ध आणि वाढलेल्या परवाना शुल्काविरुद्ध, उत्पादन शुल्काविरुद्ध 'आहार' या हॉटेलचालकांच्या संघटनेने १४ जुलै २०२५ला बार बंद ठेवले. त्या दिवशी आम्ही क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहमध्ये फालुदा प्यायलो. ते दुकान १९०५चं, त्याला व्हॅटशी देणंघेणं नाही. शेजारच्या टेबलावर तीन पुरुष होते, बार बंद असल्यामुळे नाइलाजाने रोझ सिरप पीत असलेले. त्यातला एक सब्जाच्या बिया चमच्याने बाजूला काढत होता. त्यांच्याकडे पाहून आम्हाला जो आनंद झाला तो फालुद्याचा नव्हता.

दारू जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून मुंबईच्या रेस्टॉरंटात दोन हिशेब होतात: जेवण आणि गोड पाच टक्के जीएसटीत, पेय व्हॅटमध्ये. पुष्कळ ठिकाणी कागदही दोन. ज्या पितात आणि ज्या पीत नाहीत त्यांच्यात वाटणी करायला ही सोय आम्हाला सोन्यासारखी वाटली होती. पण गुलाब नटच्या रात्री खजिनदारीणबाई अडल्या. रम घातलेला गुलाबजाम कुणाच्या हिशेबात धरायचा? पिणाऱ्यांचं म्हणणं, तो गोड आहे, पाचांत वाटा. न पिणाऱ्यांचं म्हणणं, ओल्ड मंक तुमची, तुम्हीच भरा. शिक्षिकेने सुचवलं, पाक तेवढा दोघींच्या खात्यात टाकावा. वास घेऊन मत देणारी म्हणाली की आपण एकच चमचा खाल्ला आणि तो चढला नाही, सबब तो जेवणात मोडतो. खजिनदारीणबाईंनी फोनवर काहीतरी टक्केवारी काढली, ती कुणालाच मान्य झाली नाही, वेटर दोनदा येऊन गेला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडली आणि सबंध गुलाब नटचे पैसे स्वतः दिले. अट एवढीच, की पुढच्या वेळी मेन्यू त्या वाचणार. पुढची वेळ म्हणजे हार्बर बार. तिथले भाव खजिनदारीणबाईंनी आधीच मागवून ठेवलेत, आणि त्या दिवशी सगळ्यांनी घरून जेवून यायचं ठरलं आहे.